पिशवी काढली म्हणून वाफा थांबत नाहीत

"डॉक्टरताई, नमस्कार. मी ४७ वर्षांची आहे, चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरची केळी आणि कपाशी आहे. दीड वर्ष झालं, पाळीचा काही मेळ राहिलेला नाही. कधी दोन-दोन महिने पत्ता नसतो, कधी वीस दिवसांतच येते, आणि आली की आठ दिवस अंगावरून जातं. त्याहून जास्त छळतात त्या वाफा. भाकरी टाकता टाकता छातीपासून आग वर चढते, कानशिलं तापतात, ब्लाउज पाठीला चिकटतो आणि थोड्या वेळानं हुडहुडी भरते. रात्री तीन-चारदा उठून बसते. डिसेंबरात कूलर लावला म्हणून मिस्टरांनी घर डोक्यावर घेतलं. सुनेवर विनाकारण ओरडते, मग मोरीत जाऊन रडते. श्रावणात कानबाई देवीचे रोट होते. गहू दळायला बसले आणि मधेच पाळी आली, अडीच महिन्यांनी. सगळं टाकून उठावं लागलं. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. त्यांचं एकच, 'आमले तं असं काही व्हयनं नही.'

तालुक्याला एका खासगी दवाखान्यात दाखवलं. सोनोग्राफीत पिशवीला छोटी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, पुढे कॅन्सरचा धोका आहे, पिशवी काढून टाका, तशीही ती आता कामाची नाही. धाकट्या जावेनं दोन वर्षांपूर्वी, ३८ व्या वर्षी काढली. तीही म्हणते, काढा आणि मोकळ्या व्हा. पण तिला माझ्यापेक्षा जास्त घाम येतो.

मी बचत गटाची अध्यक्ष आहे. हळूच विषय काढला तर निम्म्या बायका हेच भोगताहेत. त्यांना काय सांगू, कसं सांगू? आणि मी पिशवी काढू का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. एवढ्या कारणासाठी पिशवी काढू नका. आणि जावेच्या घामाचं जे तुम्ही एका ओळीत उरकलंय, ते तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. त्याकडे शेवटी येते.

वाफा पिशवीतून येत नाहीत. पिशवीच्या दोन अंगांना दोन अंडाशय असतात. पाळीचं वेळापत्रक तिथून हलतं आणि इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन मुख्यतः तिथेच तयार होतं. चाळिशी उलटली की अंडाशयांचं काम मंदावू लागतं, आणि तेही शिस्तीत नाही. एखाद्या महिन्यात इस्ट्रोजेन भरपूर, पुढच्या महिन्यात तळाला. पाळीचा मेळ जातो तो यामुळे. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र मेंदूत असतं, त्याला या इस्ट्रोजेनची सवय असते. ते कमी पडलं की केंद्र हळवं होतं. विहिरीवरच्या मोटरचा ऑटो बिघडला की लाइट नुसती फडफडली तरी मोटर चालू होते, तसं. अंगाची उष्णता जराशी वाढली की मेंदूला वाटतं, अंग पेटलं. मग कातडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडतात, चेहरा तापतो, छाती धडधडते, घाम फुटतो. घामानं अंग गरजेपेक्षा जास्त थंड पडतं, म्हणून मागून हुडहुडी. एक वाफ साधारण एक ते पाच मिनिटं टिकते. तुम्ही लिहिलेला क्रम तंतोतंत हाच आहे.

आता यात पिशवी आली कुठे? ती काढली तर अंगावरून जाणं थांबेल, वाफा थांबणार नाहीत. पिशवीबरोबर अंडाशयही काढले (पुष्कळदा काढतात आणि बाईला नीट सांगतही नाहीत) तर जो बदल चार-पाच वर्षांत सावकाश व्हायचा तो एका रात्रीत होतो, आणि वाफा जास्त जोरानं येतात. अंडाशय जागेवर ठेवून नुसती पिशवी काढली तरी काहीजणींचे अंडाशय वेळेआधी थकतात.

"तशीही आता कामाची नाही" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सरसकट काढल्या गेल्या ते उघड झालं, विधिमंडळात गाजलं, शासनाला समिती नेमावी लागली. आपल्याकडच्या लोकांना वाटलं, ते तिकडचं. पण आपल्याकडेही अंगावर पांढरं जातं म्हणून, कंबर दुखते म्हणून, "सूज आहे" म्हणून पिशवी काढलेल्या बायका दवाखान्यात येतात, आणि कंबर दुखायची राहिलेली नसते.

पिशवी काढावी लागते अशी कारणं आहेत, नाही असं नाही. कॅन्सर किंवा त्याच्या आधीची पायरी तपासणीत सापडली, गाठी मोठ्या आहेत आणि औषधांनी रक्तस्राव आवरत नाही, अंग बाहेर पडतंय, तर ऑपरेशन हा चांगला उपाय आहे आणि त्याला घाबरू नये. पण चाळिशीतल्या कितीतरी बायकांच्या पिशवीत छोट्या गाठी असतात. त्यांतली गाठ कॅन्सरची निघणं फारच दुर्मीळ, आणि पाळी गेल्यावर त्या बहुधा आपोआप आकसतात. रिपोर्टवर गाठ किती सेंटीमीटरची लिहिली आहे आणि ती पिशवीच्या आतल्या पोकळीत आहे, भिंतीत आहे की बाहेरच्या बाजूला, एवढं विचारा. नुसतं "गाठ आहे" हे ऑपरेशनचं कारण होत नाही.

तुमच्या बाबतीत मला वाफांपेक्षा त्या आठ दिवसांच्या रक्तस्रावाची जास्त काळजी आहे. पंचेचाळिशीनंतर पाळी अशी वेडीवाकडी आणि जास्त जात असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासायचा असतो. बारीक नळीनं तो बहुतेक वेळा ओपीडीतच घेता येतो. हा रिपोर्ट हातात आल्याशिवाय ना पिशवी काढायची, ना हार्मोनच्या गोळ्या सुरू करायच्या. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. थायरॉइड बिघडला तरी घाम, धडधड, चिडचिड, पाळीची गडबड असं सगळं होतं, आणि त्याची गोळी स्वस्त आहे. "पाळी जायला आलीय का ते बघायला" म्हणून महागड्या हार्मोनच्या तपासण्या लिहून दिल्या तर विचारा कशासाठी. पंचेचाळिशीनंतर लक्षणांवरूनच ते कळतं, आणि या काळात ते आकडे दर महिन्याला वेगळे येतात.

अस्तर चांगलं निघालं तर रक्तस्राव आवरायला ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या असतात, त्या फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायच्या. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या असतात. पिशवीत बसवायची, तांबीसारखी दिसणारी हार्मोनची वस्तू मिळते. ती निदान पाच वर्षं काम करते आणि कितीतरी बायकांचं ऑपरेशन टाळते. "ऑपरेशन योजनेत फुकट होतं आणि या वस्तूला पैसे पडतात" असं बायका मला सांगतात. योजनेत बसतं म्हणून अवयव काढून द्यायचा नसतो, ताई.

पाळी कायमची गेली असं केव्हा म्हणायचं? लागोपाठ १२ महिने एकदाही आली नाही, तेव्हा. अकराव्या महिन्यात आली तर मोजणी पुन्हा एकपासून. आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. म्हणजे तुमचं काही लवकर किंवा उशिरा चाललेलं नाही. वाफा मात्र पाळीबरोबर जात नाहीत. कुणाला दोन वर्षं, कुणाला दहा, आणि पाळी बिघडायच्या सुमाराला सुरू झालेल्या वाफा जास्त वर्षं टिकतात असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. हे मी घाबरवायला सांगत नाही. "सहा महिन्यांत जाईल, सहन कर" असं कोणी म्हणालं तर ते खरं धरून उपचार लांबवू नका, एवढ्यासाठी सांगते.

सासूबाईंवर चिडू नका. चारातल्या एखादीला खरंच काही होत नाही. आणि त्यांना झालं असेल तरी त्या काळी सांगणार कुणाला होत्या?

आपला खान्देशचा उन्हाळा या त्रासाला मुळीच मानवत नाही. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो, त्यात चूल, त्यात लाइट गेलेली. एक फरक मात्र गटातल्या प्रत्येकीला माहीत हवा, कारण तो जिवाशी आहे. वाफ येते आणि काही मिनिटांत घाम येऊन उतरते, बाई शुद्धीवर असते, बोलते-चालते. उन्हात काम करताना अंग तापलेलंच राहिलं, मळमळ झाली, बोलणं असंबद्ध झालं, तोल जायला लागला तर तो उष्माघात. तिथे "तिला वाफा येतात" म्हणून बसून राहायचं नाही. सावलीत न्यायचं, अंगावर पाणी मारायचं, वारा घालायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा.

घरी करायच्या गोष्टींनी वाफ थांबत नाही, पण सुसह्य होते. नायलॉनच्या साडीपेक्षा सुती बरी. रात्री जाड गोधडी एकच घेण्याऐवजी पातळ पांघरुणं दोन घ्या, म्हणजे एक चटकन बाजूला करता येतं. उशाशी पाण्याचा तांब्या आणि ओला पंचा ठेवा. चहा उकळता पिऊ नका. आणि हे तुम्हाला आवडणार नाही, पण झणझणीत शेवभाजी किंवा ठेचा रात्रीच्या जेवणात असला की त्या रात्री वाफ जास्त येते का, हे आठवडाभर बघा. काहीजणींना येते, काहींना काहीच फरक पडत नाही. फरक पडत नसेल तर खुशाल खा, उगाच तोंडाची चव कशाला घालवायची. तंबाखू आणि मिसरी मात्र सोडायचीच. डिसेंबरातल्या कूलरचं म्हणाल, तर मिस्टरांना त्यांची गोधडी वेगळी द्या आणि कूलरचं तोंड तुमच्या बाजूला करा. पत्रातला हा भाग वाचून दाखवण्याजोगा आहे, त्यांना वाचून दाखवा.

एवढ्यानं भागलं नाही, झोप उडालेलीच राहिली, तर औषध घ्यायचं. औषध घेणं म्हणजे लाड नाहीत. वाफांवर सगळ्यात गुणकारी हार्मोनचीच औषधं आहेत, वाफांची संख्या ती साधारण तीन चतुर्थांशानं कमी करतात. पाळी जाऊन १० वर्षं झालेली नाहीत आणि वय साठीच्या आत आहे अशा निरोगी बाईला बहुतेक वेळा फायदा जास्त, धोका कमी. पिशवी असेल तर इस्ट्रोजेन कधीही एकटं द्यायचं नसतं, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढून कॅन्सरचा धोका होतो. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, हार्ट अटॅक किंवा लकवा होऊन गेला असेल, लिव्हरचा आजार असेल, किंवा रक्तस्रावाचं कारण सापडलेलं नसेल तर ही औषधं चालत नाहीत. हे शेवटचं कारण आज तुम्हालाच लागू आहे, म्हणून आधी तुकडा तपासणी.

हार्मोनच्या नावानं जी भीती बसली ती २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पाळी जाऊन पुष्कळांना दहा-दहा वर्षं उलटलेली. पन्नाशीतल्या बाईला तो निकाल जसाच्या तसा लावू नये, हे पुढे स्पष्ट झालं. दोन्ही हार्मोन एकत्र काही वर्षं घेतली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, हे खरं आहे. हजार बायकांमागे मोजक्या जणी, असा तो हिशोब आहे. डॉक्टरांशी समोरासमोर बसून, घरात कुणाला कॅन्सर होता का ते सांगून ठरवा.

हार्मोन नको असेल किंवा चालत नसेल तर व्हेन्लाफॅक्सीनसारखं औषध कमी डोसात देतात. मेडिकलवाला म्हणेल, "हे तर डिप्रेशनचं आहे." आहेच, पण तेच वाफांवरही चालतं. रात्रीच्या घामासाठी गॅबापेन्टिन असतं. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच. मोबाइलवर "महिलांसाठी चमत्कारी चूर्ण" म्हणून जे येतं त्याला हात लावू नका. आणि आठवडी बाजारात अंगदुखीवर मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांना तर मुळीच नाही. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, चार दिवस हलकं वाटतं आणि ते हाडं पोखरतं. सोयाबीन खायला हरकत नाही, पण वाफांवरचं औषध म्हणून त्यावर भरवसा नको.

कानबाईच्या वेळचं वाचून वाईट वाटलं. त्यावर एक डॉक्टर म्हणून सांगायचं ते असं, की पुढच्या श्रावणात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेऊ नका. तुमच्या वयात त्यांनी रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो आणि रक्तस्रावाचं खरं कारण झाकलं जातं. पाळीचा नेम नाही तेव्हा दळणाला सुनेला सोबत बसवा, म्हणजे तुम्ही उठलात तरी काम अडणार नाही. देवीला बाईच्या पाळीचा विटाळ होतो हे मला स्वतःला कधी पटलेलं नाही, पण तो तुमच्या घरातला प्रश्न आहे.

सुनेवर ओरडण्याचं म्हणाल तर रात्री तीनदा उठणारा कुठलाही माणूस सकाळी ओरडेल. शिवाय हार्मोनच्या चढउतारानं मन खरोखर हळवं होतं. सुनेला एकदा बसवून सांगा, "मला हे असं होतंय, तुझ्यावर राग नसतो." मोरीतलं रडणं दोन आठवड्यांहून जास्त रोजचं झालं, कशातच जीव लागेना, जगणं नको वाटलं तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलतात.

तुम्ही लिहिलं नाहीत तरी एक गोष्ट मी लिहिते, कारण ती कोणीच लिहीत नाही. या वयात जागा कोरडी पडते. जवळ येताना दुखतं, आग होते, लघवीला जळजळतं, खोकलं-शिंकलं की थेंब सुटतो. बायका वर्षानुवर्षं काहीतरी निमित्त काढून वेगळ्या झोपतात आणि नवऱ्याला वाटतं, हिचं मन उडालं. वाफा काळानुसार कमी होतात, हा त्रास उपचाराविना वाढत जातो. यावर आतून लावायचं कमी ताकदीचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं, ते अंगात फार थोडं भिनतं आणि चांगलं काम करतं. वंगणाची जेल मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. खोबरेल तेलही चालतं, पण निरोध वापरत असाल तर तेल नको, तो फाटतो. टाक्याचं ऑपरेशन झालेलं नसेल तर लक्षात ठेवा, पन्नाशीच्या आत शेवटची पाळी येऊन गेल्यावरही दोन वर्षं दिवस राहू शकतात.

हाडांबद्दल थोडक्यात. इस्ट्रोजेन गेल्यावर पहिली काही वर्षं हाडं झपाट्यानं विरळ होतात. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नागलीत (नाचणीत) साडेतीनशेच्या आसपास असतं, आणि सातपुड्याच्या पायथ्याला नागली मिळते. आठवड्यातून तीन-चारदा तिची भाकरी करा. सोबत ताक-दही, तीळ, शेवग्याचा पाला. कळण्याची भाकरी उत्तमच, उडदामुळे प्रथिनं मिळतात. शेतात राबता म्हणून व्यायाम झाला असं नाही, पण तुम्ही बसून राहणाऱ्या बाईपेक्षा शंभर पटींनी बऱ्या. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, एवढं रोज करा. मांड्या बळकट राहिल्या की पडणं टळतं.

आता गटाचं. बाहेरून कुणाला बोलावून व्याख्यान ठेवू नका, निदान पहिल्यांदा तरी. बायका पदर तोंडाला लावून ऐकतील आणि घरी जातील. हप्ते गोळा झाले, हिशोबाची वही मिटली की तुम्हीच म्हणा, "मला रात्री घामानं उठावं लागतं. अजून कुणाला?" आणि गप्प बसा. पहिलं मिनिट अवघड जाईल. मग एखादी बोलेल, "मनाबी आंगमा आग पडस," आणि मग तुम्हाला थांबवावं लागेल. तुम्ही अध्यक्ष आहात, कर्जाचं तुमच्याकडून ऐकतात, हेही ऐकतील.

दुसऱ्या बैठकीला प्रत्येकीच्या घरचं कॅलेंडर कामाला लावा. दूधवाल्याचे खाडे ज्या चौकोनात मांडता त्याच चौकोनात पाळीच्या दिवशी लाल टिंब, जास्त गेलं तर दोन टिंबं, रात्री घामानं उठलात तर "वा". लिहिता न येणारीही टिंब देऊ शकते. तीन महिन्यांचं कॅलेंडर डॉक्टरांपुढे ठेवलं की "पाळी जरा इकडेतिकडे होते" या मोघम बोलण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि घाईनं ऑपरेशन सुचवणाऱ्यालाही जरा थांबावं लागतं.

काही गैरसमज तुम्हाला खोडावेच लागतील. पाळी थांबली म्हणजे घाण रक्त अंगात साठतं, ही भीती खेड्यात घट्ट आहे. पाळीचं रक्त म्हणजे पिशवीचं अस्तर; अस्तर वाढलंच नाही तर पडणार काय? साठत काहीच नाही. पिशवी वापरात नसली की सडते, हेही खोटं. उलट एक गोष्ट बायका खुशाल दुर्लक्षित करतात, "परत तरुण झाले" म्हणून हसण्यावारी नेतात: बारा महिने पाळी नव्हती आणि पुन्हा लाल डाग दिसला. एक थेंब असला तरी त्याच आठवड्यात डॉक्टर. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण पिशवीचा कॅन्सर असलाच तर तो याच डागानं लवकर हाती लागतो आणि लवकर सापडला तर बरा होतो. तासाला एक पॅड भिजत असेल, गुठळ्या पडत असतील, चक्कर येत असेल तर कॅलेंडर भरायची वाट बघू नका.

मग आशाताईंना बोलवा. गावच्या किंवा जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर, तोंड आणि बायकांच्या स्तनाची, पिशवीच्या तोंडाची तपासणी करायची असते. गटानं एकत्र जायचं ठरवलं की एकटीदुकटीचा संकोच जातो. आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी येतात तेव्हा चाळिशीतल्या लेकी झोक्यापाशी सापडतात. सासरी ज्या बोलत नाहीत त्या तिथे बोलतात. तेव्हा हा विषय जरूर काढा.

गटात एक ठराव करून टाका, हवं तर रजिस्टरमध्ये लिहून: पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय कुणी टेबलावर जायचं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, स्त्रीरोग विभाग आहे. रांग लागते, दिवस मोडतो, पण तिथे तुकडा तपासल्याशिवाय ऑपरेशनचा विषय सहसा निघत नाही. जाताना सोनोग्राफीची फिल्म नाही, रिपोर्टचा कागद न्या, आणि कॅलेंडर.

आता तुमची जाऊ. तिचं वय आज चाळीस. तिला तुमच्यापेक्षा जास्त वाफा येतात याचा अर्थ तिचे अंडाशयही काढले गेले असावेत किंवा पिशवी काढल्यावर थकले असावेत. तिचं डिस्चार्ज कार्ड शोधा. ऑपरेशनच्या नावात बीएसओ ही तीन इंग्रजी अक्षरं दिसली तर दोन्ही अंडाशय गेलेत. तसं असेल तर तिला "मोकळी झाले" म्हणून सोडून चालणार नाही. इतक्या लवकर इस्ट्रोजेन गेलेल्या बाईची हाडं आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. वर सांगितलेली अडचण काही नसेल तर अशा बाईला पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यायचे असतात, नुसत्या वाफांसाठी नाही. पिशवी नसल्यामुळे तिला बहुतेक एकटं इस्ट्रोजेन पुरेल. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघावं लागेल, हाडांची डेक्सा तपासणी करावी लागेल.

कार्ड सापडलं नाही तर जिथे ऑपरेशन झालं तिथे लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ऑपरेशनच्या नोंदी आणि काढलेल्या पिशवीचा तपासणी रिपोर्ट, दोन्ही मागा. पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पण नोंदी जपून ठेवायची सक्ती तीनच वर्षांची आहे, आणि तिची दोन सरलीत. म्हणून तुमची तपासणी पुढच्या आठवड्यात झाली तरी चालेल, तिचा अर्ज या आठवड्यात जाऊ द्या.